गरोदरपणात बदललेला तीळ, बायोप्सी आणि आयएचसी स्टेनिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात हिस्टोपॅथॉलॉजीचं काम करते. म्हणजे सर्जनने काढलेला तुकडा माझ्या टेबलावर येतो आणि मायक्रोस्कोपखाली बघून तो काय आहे हे मी लिहून देते. गरोदर बायकांचे तीळ वर्षातून थोडेच येतात, पण त्यांच्याबद्दलचे फोन बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. कधी नवरा, कधी सासू, कधी घाबरलेली स्त्रीरोगतज्ज्ञ. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले.

गरोदरपणात तीळ मोठा होतो, काळा पडतो. हे नॉर्मलच ना?

सगळ्या मावश्या हेच सांगतात, आणि अर्धं खरं असल्यामुळे ते पसरलंय. पोटावरची मधली रेघ गडद होते, स्तनाग्रांभोवतीचा भाग काळवंडतो, गालांवर वांग येतात, हे नॉर्मल. मात्र तिळांचं तसं होतंच असं नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ गरोदर बायकांच्या पाठीवरचे १२९ तीळ पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत मोजले. आकार बदलला फक्त ८ तिळांचा. त्यातले ४ वाढले, ४ चक्क लहान झाले, आणि फरक मिलिमीटरभराचा.

पोट आणि छाती इथली कातडी ताणली जाते, त्यामुळे तिथला तीळ ताणून मोठा दिसू शकतो. पाठीवरचा, पायावरचा, मानेवरचा तीळ बदलत असेल तर "दिवस गेलेत म्हणून" हे कारण पुरत नाही.

मग नेमका कोणता तीळ दाखवायचा?

जो बाकीच्यांसारखा दिसत नाही तो. दहा तीळ एकाच घराण्यातले वाटावेत आणि अकरावा परका, तर तो अकरावा दाखवा. अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यासारखा नाही, कड दातेरी, एकाच तिळात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा महिन्या-दोन महिन्यांत बदललेला. शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. खाज येणं, विनाकारण रक्त येणं, खपली धरून परत फुटणं, हेही.

पण ही यादी गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे तळपाय, तळहात आणि नखं. सावळ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो तेव्हा तो बऱ्याचदा तिथेच होतो, जिथे ऊन पोचतच नाही. गायक बॉब मार्लीचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. सातव्या महिन्यात स्वतःचा तळपाय बघणं जमत नाही, हे मला कळतं. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. तीन आठवड्यांनी परत एक काढा.

नखावर एकच काळी उभी रेघ आली, ती रुंद होत चालली आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर थांबू नका. बऱ्याच नखांवर बारीक, सारख्या रेघा असतील तर त्या बहुधा निरुपद्रवी असतात. आपल्या रंगात त्या दिसतातच.

नागपुरात कुणाला दाखवायचं?

त्वचारोगतज्ज्ञाला, आणि ज्यांच्याकडे डर्मोस्कोप आहे अशांना. डर्मोस्कोप म्हणजे दिवा लावलेलं भिंग. सुई नाही, किरण नाहीत, बाळाला काहीही होत नाही. तळपायावरच्या डागात तर त्याचा फार उपयोग होतो. काळेपणा कातडीच्या रेषांमधल्या खाचांत असेल तर साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय.

मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. बाळंतपणासाठी डागा स्त्री रुग्णालयात नाव घातलं असेल तर तिथून मेयोसाठी चिठ्ठी मागून घ्या. पुढे कॅन्सरची शंका पक्की झाली तर मानेवाड्याचं तुकडोजी किंवा जामठ्याचं एनसीआय, ही कॅन्सरची रुग्णालयं.

घरचे म्हणतात, बाळ झाल्यावर बघू. थांबलं तर चालेल?

साध्या तिळासाठी खुशाल थांबा. संशयाच्या तिळासाठी नाही. गरोदरपणामुळे मेलॅनोमा जास्त घातक होतो असं जुने लोक मानायचे. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत, तेवढ्याच जाडीच्या मेलॅनोमाशी तुलना केल्यावर, तसं ठोस काही दिसलेलं नाही. धोका आहे तो उशिराचा. मेलॅनोमाचं सगळं गणित जाडीवर असतं. कातडीत किती मिलिमीटर खोल उतरला, हे मोजायची पद्धत पॅथॉलॉजिस्ट ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दिली आणि आजही तीच चालते. ०.८ मिलिमीटरच्या आत असताना सापडलेला आणि ४ मिलिमीटर झाल्यावर सापडलेला, हे जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत. पाचव्या महिन्यात दिसलेला डाग बाळंतपण, सव्वा महिना, बारसं, माहेरपण असं करत दाखवला, तर सहज आठ महिने जातात.

काढताना भूल द्यावी लागेल. बाळाला त्रास?

जागेपुरती भूल पुरते. लिग्नोकेन गरोदरपणात वापरतात, दातांच्या डॉक्टरांकडेही तेच असतं. पाचव्या महिन्यानंतर तुम्हाला सरळ पाठीवर न झोपवता थोडं डाव्या कुशीवर कलतं ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम, दोन-चार टाके.

पार्लरमध्ये किंवा मशीनने जाळून काढला तर? टाकेही नकोत.

नको. जाळलेल्या तिळाचं माझ्याकडे काहीच येत नाही, किंवा कोळसा येतो. मुळात तो काय होता हे मग कधीच कळत नाही. चुना आणि सोडा लावून तीळ पाडायचा गावठी उपाय अजून चालतो. त्याने वरचं टोक जातं, खालच्या पेशी राहतात, जखम भरताना त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि मायक्रोस्कोपखाली साधा तीळसुद्धा मेलॅनोमासारखा दिसतो. असं काही आधी केलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. मला ते माहीत असणं फार गरजेचं आहे.

वरवर खरवडून काढणंही टाळावं. संशयाचा तीळ पूर्ण, कडेने १ ते ३ मिलिमीटर चांगली कातडी ठेवून, खालच्या चरबीपर्यंत काढायचा. फार मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, तळपायावर असेल तर सर्वांत काळ्या किंवा जाड भागातून पंच घेतात, म्हणजे गोल पात्याने छोटा तुकडा.

तुकडा लॅबला पोचवताना काय काळजी घ्यायची?

यावर मी जरा जास्तच बोलेन, कारण अर्धे घोटाळे इथेच होतात.

तुकडा निघाल्याबरोबर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मॅलिन, रुंद तोंडाची डबी, घट्ट झाकण. सलाइन नाही, स्पिरिट नाही, ओल्या गॉजमध्ये गुंडाळून तर अजिबात नाही. एकदा मे महिन्यात बाहेरगावाहून एक तीळ एसटीने आला, औषधाच्या जुन्या बाटलीत, सलाइनमध्ये. पंचेचाळीस अंशात सहा तास. बाटली उघडली तेव्हा वासानेच कळलं. पेशींची केंद्रकं विरघळली होती, एकही स्टेन, म्हणजे तपासणीचा रंग, नीट लागला नाही. त्या बाईचा तीळ नव्वद टक्के साधाच असणार, पण मी तसं लिहून देऊ शकले नाही, आणि तिला पुढचे कित्येक महिने दर तपासणीला ते ओझं घेऊन जावं लागलं. डबी बरोबर असती तर ते टळलं असतं.

दुसरी गोष्ट डबीवरच्या चिठ्ठीची. त्याबद्दल खाली पुन्हा येते, कारण या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे : फॉर्मवर "गरोदर" हा शब्द आणि किती आठवडे, हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

स्टेनिंग म्हणजे शरीरात रंग सोडतात का? बाळापर्यंत पोचेल?

नाही. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही, कारण "डाय टाकून टेस्ट" हे शब्द सीटी स्कॅनच्या रांगेत सगळ्यांनी ऐकलेले असतात. इथे रंग लागतो तो फक्त कापलेल्या तुकड्याला, काचेवर. तुम्ही तेव्हा घरी जेवत असता.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग पॅराफिन मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात. त्याचे ३-४ मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढे पातळ काप काढतात. मशीनच्या पात्यावरून ते कोमट पाण्यावर तरंगत येतात, दुधावरच्या सायीसारखे, आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे. पहिली स्लाइड नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगांची. बहुतेक तिळांचा निकाल तिथेच लागतो.

शंका राहिली तर आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. पेशीत एखादं ठरावीक प्रथिन आहे का, हे अँटिबॉडी वापरून शोधायचं. अँटिबॉडी त्या प्रथिनाला चिकटते, तिला जोडलेलं एन्झाइम रंग तयार करतं, आणि जिथे प्रथिन तिथे तपकिरी ठिपका दिसतो. एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फॉर्मॅलिनने प्रथिनं आवळली जातात, ती मोकळी करायला काप उकळावे लागतात. ही युक्ती १९९१ ची. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी मशीन असतं, पण पुष्कळ ठिकाणी अजून स्वयंपाकघरातला प्रेशर कुकरच असतो. वरण शिजवणाऱ्यांना यात नवीन काही नाही : शिट्ट्या कमी झाल्या तर कच्चं, जास्त झाल्या तर लगदा.

गरोदर बाईचा तीळ मायक्रोस्कोपखाली वेगळा दिसतो का?

हो, आणि सगळी गोम इथेच आहे.

साध्या तिळात विभागत असलेल्या पेशी, ज्यांना आम्ही मायटोसिस म्हणतो, फारशा दिसत नाहीत. दिसल्या तर भुवई उंचावते. गरोदर बायकांच्या साध्या तिळांत मात्र त्या नेहमीपेक्षा जास्त सापडतात, आणि कातडीच्या दुसऱ्या थरात, म्हणजे डर्मिसमध्येही सापडतात. शिवाय तिळाच्या वरच्या भागात मोठ्या, फिकट, ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) असलेल्या पेशींचे गोलसर पुंजके दिसतात. गरोदरपणातले वरच्या थरातले सूक्ष्मपुंजके असं त्यांना नावच पडलं आहे. ज्याला माहीत नाही तो हे पुंजके बघून घाबरतो.

एक प्रसंग सांगते. कमरेवरचा तीळ, आठ मिलिमीटरचा, वय सत्तावीस. फॉर्मवर दोनच शब्द, "तीळ, कंबर". स्लाइड लावली. वरच्या डर्मिसमध्ये एक मायटोसिस, थोडं सरकवलं तर दुसरा. तिथे पेशीही मोठ्या. वयाची सत्तावीस वर्षं, बदललेला तीळ, डर्मिसमध्ये विभाजन. हात पेनाकडे जायच्या बेतात होता. मी आधी सर्जनला फोन केला. "पेशंट गरोदर आहे का?" पलीकडे क्षणभर शांतता. "हो, सातवा महिना. लिहायचं राहिलं बघा." तीळ बरोबर परकराच्या नाडीखाली होता आणि पोट वाढल्यापासून नाडी तिथे घासत होती.

त्या एका वाक्याने स्लाइड बदलली नाही, पण मी ती वाचायची रीत बदलली. मग स्टेन लावले. ते पुढच्या प्रश्नात.

कोणकोणते स्टेन लावतात आणि त्यातून काय कळतं?

आधी एक कल्पना समजून घ्या. साधा तीळ खोल जाताना शांत होत जातो. वर पेशी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मध्ये बाजरीएवढ्या, तळाशी खसखशीएवढ्या. रंग कमी, हालचाल कमी. मेलॅनोमा खाली उतरतानाही तसाच उद्धट राहतो. बहुतेक स्टेन हीच एक गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवतात.

एस-१००, सॉक्स-१० आणि मेलन-ए हे सांगतात की पेशी रंजकपेशींच्या घराण्यातली आहे. चांगली की वाईट ते सांगत नाहीत. आडनाव कळतं, स्वभाव कळत नाही.

एचएमबी-४५ हा जुना आणि अजून भरवशाचा. त्याच्या नावावरून तो मेलॅनोमाचाच स्टेन वाटतो, पण साध्या तिळातही वरचा थर त्याने रंगतो. बघायचं असतं ते खाली. साध्या तिळात रंग खोलीबरोबर विरत जातो, आषाढातल्या ढगाखाली पाऊस विरळ होत जावा तसा. मेलॅनोमात तो तळापर्यंत, इथे गडद तिथे फिका, ठिगळाठिगळाने असतो. अपवाद आहेत. निळा तीळ सगळाच रंगतो आणि तरी निरुपद्रवी असतो. उलट डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमा एचएमबी-४५ ला दादच देत नाही, तिथे सॉक्स-१० आणि एस-१०० वर भिस्त. गरोदरपणातले ते सूक्ष्मपुंजके वरच असल्यामुळे एचएमबी-४५ ने रंगू शकतात, त्यात नवल नाही.

की-६७ विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशी दाखवतो. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ मध्ये ही अँटिबॉडी सापडली, ट्रेच्या ६७ व्या खड्ड्यात, म्हणून हे नाव. साध्या तिळात साधारण शंभरातल्या एक-दोन पेशी रंगतात, त्याही वरच्या. मेलॅनोमात जास्त, आणि खालीही. गरोदर बाईच्या साध्या तिळात हा आकडा नेहमीपेक्षा थोडा वर असतो. एक खाच अशी की की-६७ लिम्फोसाइट्सनाही (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रंगवतो, आणि तिळाखाली सूज असली तर त्या भरपूर असतात. घाईने मोजलं तर लिम्फोसाइट्स तिळाच्या खात्यावर जमा होतात. म्हणून शक्य असेल तेव्हा मेलन-ए आणि की-६७ एकाच स्लाइडवर दोन रंगांत लावतात.

पी-१६ पेशीचा ब्रेक आहे. साध्या तिळात तो टिकतो, बऱ्याच मेलॅनोमांत नाहीसा होतो.

आणि प्रेम. हसू नका, मेलॅनोमातल्या एका अँटिजेनच्या लांबलचक इंग्रजी नावाचा हा संक्षेप आहे आणि आमच्या लॅबमध्ये "प्रेम निगेटिव्ह आलं" ही आनंदाची बातमी असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कातडीतच उगवलेल्या मेलॅनोमांपैकी ८३ टक्क्यांत पेशींची केंद्रकं सर्वदूर रंगली, तर साध्या तिळांपैकी ८६ टक्के पूर्ण कोरे राहिले. सर्वदूर म्हणजे पाऊणपेक्षा जास्त पेशी. दोन्ही आकडे शंभर नाहीत हेही नीट वाचा.

त्या परकराच्या नाडीखालच्या तिळात एचएमबी-४५ वर गडद, खाली विरलेला. की-६७ वरच्या भागात थोडा, तळाशी शून्य. पी-१६ शाबूत. प्रेम कोरं. तळातल्या पेशी खसखशीएवढ्या, विचित्र आकाराचा मायटोसिस एकही नाही, दोन्ही बाजू सारख्या. साधा तीळ, गरोदरपणातले बदल. रिपोर्ट चार ओळींचा झाला.

रिपोर्टमध्ये "की-६७ : ५ टक्के" आहे. गुगलवर वाचून झोप उडाली.

एकटा आकडा वाचू नका. वरच्या भागातले ५ टक्के आणि तळातले ५ टक्के यांचा अर्थ वेगळा. गरोदरपणात वरचे ५ टक्के मला तेवढे टोचत नाहीत. तळातले २ टक्केही टोचतात. रिपोर्टमध्ये कुठे मोजलं ते लिहिलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारा, तो तुमचा हक्क आहे.

हे उलट्या बाजूनेही लागू होतं. "गरोदर आहे ना, मग मायटोसिस असणारच" असं म्हणून खोलवरचं विभाजन माफ करणं ही तेवढीच मोठी चूक. गरोदर बाईलाही मेलॅनोमा होतो.

सावळ्या त्वचेत स्टेन वाचायला अडचण येते का?

येते. नेहमीचा आयएचसी रंग तपकिरी असतो आणि मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, तेही तपकिरी. काळ्या मातीत काळा खडा शोधायचा. विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. यावर तीन तोडगे आहेत : तपकिरीऐवजी लाल रंग देणारं रसायन वापरायचं, किंवा आधी मेलॅनिन ब्लीच करायचं, किंवा पार्श्वभूमीला गिम्सा नावाचा रंग लावायचा, म्हणजे मेलॅनिन हिरवट-निळं दिसतं. सॉक्स-१०, की-६७ आणि प्रेम केंद्रकात रंगतात, त्यामुळे तिथे गोंधळ कमी होतो. तीळ अगदी काळा असेल तर डॉक्टरांमार्फत लाल रंगाची विनंती करून बघा. सगळ्या लॅबमध्ये तो नसतो.

रिपोर्ट किती दिवसांत येतो? ब्लॉक मागता येतो का?

साधा रिपोर्ट तीन ते पाच दिवस, आयएचसी लागली तर आणखी तीन-चार. प्रत्येक अँटिबॉडीचे वेगळे पैसे असतात, म्हणून आधीच पाच-सहा लावून ठेवत नाही. सरकारी दवाखान्यात असाल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

ब्लॉक तुमचा आहे. दुसरं मत घ्यायचं असेल तर ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही सही करून घेता येतात. नुसत्या स्लाइड नेऊ नका, नवे स्टेन ब्लॉकवरूनच निघतात. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते.

रिपोर्टमध्ये "अनिश्चित" असं लिहिलंय. म्हणजे लॅबला कळलं नाही?

कधीकधी खरंच दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या असतात. एचएमबी-४५ धड विरतही नाही, प्रेम अर्ध्या पेशींत. अशा वेळी जबरदस्तीने एका बाजूला ढकलण्यापेक्षा "अनिश्चित" लिहिणारी लॅब प्रामाणिक समजा. मग सहसा दुसऱ्या त्वचा-पॅथॉलॉजिस्टला दाखवतात आणि कडेची थोडी जास्त कातडी काढून घेतात. तेही जागेपुरत्या भुलेतच.

आणि मेलॅनोमाच निघाला तर? गर्भ ठेवता येतो का?

पातळ मेलॅनोमात गर्भपाताचा विषयच नसतो. जागेवरून पुन्हा रुंद कड घेऊन काढतात : १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर चहूबाजूंनी १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरच्या वर असेल तर २ सेंटिमीटर. हे कुठल्याही महिन्यात करता येतं. जाडी जास्त असेल तर जवळची पहिली लसिकाग्रंथी तपासायचा प्रश्न येतो. त्यात किरणोत्सारी टेक्नेशियमचा डोस इतका कमी असतो की तो चालतो, ग्रंथी शोधायला टोचतात तो निळा रंग मात्र गरोदरपणात टाळतात. फोटो काढायचे तर सोनोग्राफी, आणि गॅडोलिनियमशिवाय, म्हणजे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता, एमआरआय.

पसरलेल्या मेलॅनोमाचा निर्णय वेगळा आणि कठीण. इम्युनोथेरपी आणि बीआरएएफ जनुकातल्या बिघाडावरची औषधं गरोदरपणात शक्यतो देत नाहीत, त्यामुळे महिना कितवा आहे यावर बरंच ठरतं. तो निर्णय ऑन्कोलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र बसून घेतात.

वारेतून बाळाला जाऊ शकतो?

फार दुर्मीळ, आणि तोही आईच्या शरीरात आधीच पसरलेला असेल तर. वारेपर्यंत पोचणाऱ्या कॅन्सरांत मेलॅनोमा सर्वांत पुढे आहे. म्हणून अशा आईची वार बाळंतपणानंतर फेकून न देता पॅथॉलॉजीला पाठवायची, हे आधीच लेबर रूमला सांगून ठेवा. पातळ, पूर्ण काढलेल्या मेलॅनोमात याची काळजी करू नका.

ग्रहण पाळलं नाही म्हणून बाळाच्या अंगावर तीळ आला, असं सासूबाई म्हणतात.

साधारण शंभरात एका बाळाला जन्मतः तीळ असतो. सुरी, सुई, ग्रहण, यातल्या कशाशीही त्याचा संबंध नाही. खूप मोठा, तळहाताहून मोठा असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाकी दृष्ट लागू नये म्हणून आपणच गालावर तीट लावतो. बाळ ती घेऊनच आलंय म्हणा.

पुढचं मूल होऊ द्यावं का?

साधा तीळ होता तर प्रश्नच नाही. मेलॅनोमा होता तर नंतरच्या गरोदरपणाने तो परत येतो असं दिसलेलं नाही. तरी जाड मेलॅनोमानंतर डॉक्टर बहुधा दोनेक वर्षं थांबायला सांगतात, कारण परत यायचा तो बऱ्याचदा सुरुवातीच्या वर्षांत येतो.

फॉर्म डॉक्टरांची असिस्टंट भरते. मी स्वतः काय लिहायला सांगू?

डबी बंद करण्याआधी फॉर्म हातात मागा आणि एवढं आहे ना ते बघा. नसेल तर पेन घेऊन स्वतः लिहा, कुणी रागावणार नाही :

"वय २७. गरोदर, २८ आठवडे. कमरेवर उजवीकडे तीळ, लहानपणापासून, गेल्या २ महिन्यांत वाढला. नाडी घासते. रक्त नाही. आधी जाळलेला किंवा चुना लावलेला नाही. पूर्ण काढला आहे. फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ सकाळी ११:२०."